आधी दार मोजा

जुन्या सोसायटीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचं न्हाणीघर. दार २४ इंची, फार तर २७. चौकट आणि उघडलेल्या पल्ल्याची जाडी वजा केली की आत जायला मोकळी जागा उरते २२ ते २५ इंच. आता सर्जिकलच्या दुकानात मिळते ती नेहमीची घडीची व्हीलचेअर घ्या. बसायची जागा १८ इंच. पण दोन्ही बाजूंची चाकं आणि ती फिरवायच्या बाहेरच्या कड्या धरून एकूण रुंदी २५-२६ इंच. खुर्ची दारात अडते. कधी एका इंचाने, कधी तीन.

हा हिशोब घरच्यांना कळतो तो डिस्चार्जच्या दिवशी. पक्षाघात झालेले वडील, झाडावरून पडून मणका मोडलेला मुलगा, मधुमेहात पाय गमावलेली आई. माणूस घरी येतो, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, शेजारीपाजारी भेटून जातात आणि तासाभरात पहिला प्रश्न उभा राहतो: लघवीला कसं न्यायचं? खुर्ची न्हाणीघराच्या दारापर्यंत जाते. पुढचे चार फूट माणसाला उचलूनच न्यावं लागतं. उचलणारी बहुधा बाई असते; बायको, आई किंवा सून. महिन्या-दोन महिन्यांत तिची कंबर धरते. ज्याला उचललं जातं तो माणूस हळूहळू पाणी कमी पिऊ लागतो, कारण प्रत्येक ग्लासामागे कुणाला तरी पुन्हा उचलावं लागणार हे त्याला कळत असतं. मग लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पुन्हा दवाखाना.

दार मोजायला दोन मिनिटं लागतात. तरी खुर्ची आधी येते आणि मोजपट्टी नंतर, किंवा कधीच नाही. अपंग माणसाला साधनं मिळवून देण्याच्या आपल्याकडच्या साऱ्या धडपडीतली, सरकारी असो की समाजसेवी, सगळ्यात मोठी चूक ही आहे. साधन माणसाला दिलं जातं, पण ते वापरायचं असतं एका ठरावीक घरात, एका ठरावीक मोरीत, एका ठरावीक उंबऱ्यावरून. त्या घराकडे कुणी पाहून येत नाही.

प्रश्न किती घरांचा आहे? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख माणसांची नोंद अपंग म्हणून झाली. त्यांपैकी महाराष्ट्रात जवळपास २९ लाख ६३ हजार. देशातल्या अशा दर दहा माणसांपैकी सात खेड्यांत राहतात. त्या जनगणनेच्या वेळी १९९५ चा कायदा चालू होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यामुळे जुना आकडा आज अपुराच म्हणायला हवा. शिवाय गरजेचं स्वरूपही बदललं. एका पिढीपूर्वी साधन म्हटलं की पोलिओ झालेल्या मुलाचं कॅलिपर आणि कुबड्या डोळ्यांपुढे यायच्या. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आज साधन लागतं ते पक्षाघातानंतर, रस्त्यावरच्या अपघातानंतर, मधुमेहाने पाय गेल्यावर आणि सगळ्यात जास्त म्हातारपणी. ज्याच्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही आणि ज्याने स्वतःला कधी अपंग मानलेलं नाही, अशा माणसालाही आज ना उद्या न्हाणीत धरायला दांडी लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात अडीचशे कोटींहून अधिक लोकांना निदान एका सहायक साधनाची गरज आहे. श्रीमंत देशांत ती ९० टक्क्यांपर्यंत भागते. काही गरीब देशांत ३ टक्क्यांवर अडते.

घडीच्या व्हीलचेअरची जन्मकथा इथे सांगायला हवी. हर्बर्ट एव्हरेस्ट हा अमेरिकेतला खाण-अभियंता. अपघातात त्याची पाठ मोडली. त्या काळच्या चाकाच्या खुर्च्या जड, लाकडी, न दुमडणाऱ्या. एव्हरेस्टला मोटारीत टाकून नेता येईल अशी खुर्ची हवी होती. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज हाही अभियंताच. दोघांनी मिळून १९३३ मध्ये फुलीच्या आकाराच्या नळ्यांची, मधोमध दुमडणारी खुर्ची तयार केली. ती एका माणसासाठी, त्याच्या शरीरासाठी आणि त्याच्या मोटारीसाठी बनली होती. पुढे तिचीच नक्कल जगभर झाली. आज दवाखान्यांत, रेल्वे स्थानकांत आणि शिबिरांच्या मांडवात रांगेने लागलेल्या खुर्च्या तिच्याच वंशातल्या. एका माणसाच्या मापाची वस्तू सगळ्यांना एकाच मापात वाटली जाऊ लागली.

दवाखान्यातली खुर्ची वॉर्डातून एक्स-रेच्या खोलीपर्यंत दहा मिनिटं नेण्यापुरती असते. घरी माणूस त्याच खुर्चीत दिवसाचे आठ-दहा तास काढतो. रेक्झिनची सीट मधे झोळीसारखी खचते, मांड्या आत झुकतात, पाठ पोक काढते. ज्याला कमरेखाली संवेदनाच नाही त्याला बूड रगडलं जातंय हे कळत नाही. त्वचा लाल होते, मग फाटते, मग खोल जखम. बेडसोअर हा शब्द घरात शिरला की पुढचे काही महिने ड्रेसिंगमध्ये जातात. मणक्याला इजा झालेली कितीतरी माणसं मूळ दुखापतीतून वाचतात आणि या जखमांच्या संसर्गाने दगावतात. म्हणून खुर्चीबरोबर चांगली उशी हवीच. तिला चैन समजून वगळणं जिवावर बेतू शकतं. ठरावीक वेळाने हातांवर जोर देऊन बूड उचलायची किंवा बाजूला झुकायची सवयही लावावी लागते, आणि ती शिकवणारं कुणीतरी लागतं.

खुर्ची मापाची म्हणजे काय? सीट बसलेल्या माणसाच्या रुंदीपेक्षा जेमतेम इंच-दीड इंच मोठी. खोली अशी, की गुडघ्याच्या मागच्या लवणीत आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं जातील. पावठ्या अशा उंचीवर, की मांड्या सीटला टेकून राहतील. बारीक चणीच्या बाईला १८ इंची सीट दिली तर ती एका बाजूला कलून बसते, चाकांपर्यंत हात नीट पोचत नाहीत आणि ढकलायला दुसरं माणूस लागतं. तिलाच १५ किंवा १६ इंची खुर्ची मिळाली तर ती स्वतः फिरते, आणि खुर्ची दोन-तीन इंचांनी अरुंद झाल्यामुळे कदाचित न्हाणीघराच्या दारातूनही जाते. शरीराचं माप आणि दाराचं माप असं एकमेकांत गुंतलेलं असतं.

भारतात या दिशेने चांगलं काम झालंय. आयआयटी मद्रासमधल्या पुनर्वसन-संशोधन केंद्रात प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या गटाने बसल्या माणसाला उभं करणारी खुर्ची विकसित केली. ‘अराइज’ नावाने ती २०१९ मध्ये आली. त्याच केंद्रातून निघालेल्या निओमोशन कंपनीने २०२० मध्ये ‘निओफ्लाय’ ही मापानुसार बेतता येणारी खुर्ची आणि तिला पुढे जोडायचं ‘निओबोल्ट’ हे बॅटरीवरचं चाक बाजारात आणलं. जोडलं की खुर्चीची तीनचाकी गाडी होते आणि बाजारहाट करून येता येतं. पण निओफ्लायची किंमत सुरुवातीलाच ४० हजारांच्या घरात होती. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना महिन्याला १,५०० रुपये मिळत. २०२५ मध्ये ते २,५०० झाले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अशी खुर्ची कुणाच्या आवाक्यात आहे ते दिसतं.

माणूस आणि घर दोन्ही मोजणं हे एका स्वतंत्र शास्त्राचं काम आहे. इंग्रजीत त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, मराठीत व्यवसायोपचार. या शब्दामुळे गैरसमज होतो. नोकरी-धंद्याशी त्याचा संबंध थोडा. उठणं, आंघोळ करणं, कपडे घालणं, जेवणं, स्वयंपाक करणं हे रोजचे व्यवहार माणसाला पुन्हा जमावेत यासाठी शरीराला शिकवायचं आणि घराला बदलायचं, हे या उपचाराचं काम. फिजिओथेरपिस्ट आता तालुक्याच्या गावीही दिसतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर शोधावा लागतो.

आणि हे शास्त्र भारतात रुजलं ते मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात. ते रुजवणाऱ्या बाई मूळच्या अमेरिकन. एलिझाबेथ लंडी हे त्यांचं माहेरचं नाव, घराणं क्वेकर पंथाचं. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या इथे आल्या आणि कमला निंबकर झाल्या. शिक्षणाचं काम करता करता व्यवसायोपचाराची गरज त्यांच्या लक्षात आली. त्यासाठी मध्यमवयात त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियात प्रशिक्षण घेतलं, परतल्या आणि १९५० मध्ये केईएममध्ये या विषयाचं आशियातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी केली. त्याच वर्षी या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. पुढे नागपूरलाही शिक्षणाची सोय झाली. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाने चालतं, आणि इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई. मराठी वाचकाला हे घराणं परकं नाही. ज्या राज्यात या विद्येचं पहिलं बी पडलं, त्या राज्यात पाऊणशे वर्षांनंतरही मणका मोडलेला शेतमजूर घरी जाताना त्याच्या मोरीची उंची कुणी विचारत नाही, ही खंत आहे.

इंग्लंडमध्ये याची रीत बसवलेली आहे. स्थानिक परिषदेचा व्यवसायोपचारतज्ज्ञ घरी येतो, मापं घेतो, काय हवं ते लिहून देतो. दांडी, छोटा उतार असे १,००० पौंडांपर्यंतचे किरकोळ बदल पात्र माणसाला मोफत मिळतात. न्हाणीघर नव्याने बांधणं, जिन्याला लिफ्ट बसवणं अशा मोठ्या कामांसाठी उत्पन्न पाहून ३० हजार पौंडांपर्यंत अनुदान असतं. आपल्याकडे इतका पैसा नाही हे मान्य. पण त्या पद्धतीतली पहिली पायरी, कुणीतरी घरी येऊन मोजणं, ही तर सगळ्यात स्वस्त.

मराठी घर मोजायचं तर उंबऱ्यापासून सुरुवात. रॅम्पचा सर्वमान्य नियम एकास बारा असा आहे. एक इंच चढायला बारा इंच लांबी. उंबरा तीन इंचांचा असेल तर तीन फुटांचा उतार पुरतो, सुतार दुपारभरात तो करून देतो. ओट्याच्या सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर लांबी १८ फूट होते, आणि गल्ली असते आठ फुटांची. तिथे उतार वळवून घ्यावा लागतो, वळणावर सपाट जागा सोडावी लागते. घाईत पायऱ्यांवरच सिमेंट ओतून केलेला खडा उतार अनेक ठिकाणी दिसतो. त्यावरून खुर्ची चढवताना ढकलणाऱ्याची छाती फुटते आणि उतरताना खुर्ची सुटते. असा उतार असण्यापेक्षा मजबूत पायऱ्या आणि दोन धडधाकट माणसं बरी.

मुंबईत अडचण वेगळीच. बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वीच्या, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. अशा खोलीत व्हीलचेअर फिरवायची म्हटलं तर वळायलाच पाच फुटांचं वर्तुळ लागतं. तिथे खुर्चीपेक्षा कमोड-खुर्ची जास्त उपयोगी. एक पडदा, कोपऱ्यातल्या मोरीजवळची जागा आणि खाली भांडं. माणसाचा संकोच जातो असं नाही, पण जिन्यावरून उचलून नेणं वाचतं. चाळीतल्या मोरीला पाणी अडवायला चार-सहा इंचांचा कठडा असतो. तो पाय अडखळायची पहिली जागा. एका बाजूने तो फोडून उतार केला आणि जाळी नीट बसवली तर पाणी बाहेर येत नाही; गवंड्याचं एका दिवसाचं काम.

न्हाणीघराचं दार अरुंद असेल तर भिंत फोडण्याआधी करून पाहण्यासारख्या गोष्टी आहेत. पल्ला काढून जाड पडदा लावला की इंच-दीड इंच मिळतो. दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडणारं करावं. जागा मिळते आणि एक मोठा धोकाही टळतो, कारण आत पडलेला माणूस दारालाच आडवा झाला तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. कडी बाहेरून काढता येईल अशी हवी. टॉवेल टांगायची नळी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. तोल जाणारा माणूस सगळं वजन तिच्यावर टाकतो आणि नळीसकट कोसळतो. दांडी मुठीत मावेल अशी, साधारण दीड इंच जाडीची, आणि पक्क्या विटेच्या भिंतीत खोलवर बोल्ट मारून बसवलेली असावी. आपल्याकडचे पाश्चात्त्य पद्धतीचे कमोड बहुतेक १६ इंचांच्या आसपास उंच असतात. गुडघ्यात जोर नसलेल्या माणसाला १८-१९ इंच सोयीचे पडतात. मधला फरक प्लॅस्टिकच्या वाढीव बैठकीने भरून निघतो.

खेड्यातला संडास बांधणारे हात हे सगळं करू शकतात, कुणी सांगितलं तर. स्वच्छ भारत योजनेत घरटी १२ हजार रुपये मिळतात आणि अपंग व्यक्तींची कुटुंबं त्यासाठी पात्र गटांत आहेत. पण ठरलेल्या नमुन्याप्रमाणे बांधकाम होतं: चौथऱ्यावर चढायला दोन पायऱ्या, चिंचोळं दार, बसकं भांडं. ज्याच्यासाठी अनुदान आलं तोच आत जाऊ शकत नाही. त्यावर गावांनी स्वतःचे उपाय काढलेत. प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक कापून ती भांड्यावर ठेवायची. अंध माणसासाठी घराच्या खांबापासून संडासाच्या दारापर्यंत कमरेच्या उंचीवर दोर ताणायचा. पलंगाच्या पायथ्याला गाठी मारलेला दोर बांधायचा, म्हणजे तो धरून स्वतः उठून बसता येतं. झोपाळा टांगायच्या कड्या असलेल्या जुन्या घरांत आधाराचा पट्टा टांगायला जागा तयारच असते. पलंग बसका असेल तर पायांखाली ठोकळे. पक्षाघातानंतर मूठ वळत नसेल तर चमच्याच्या दांड्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ. हे जुगाड म्हणून हिणवू नये. मोजून, नीट बसवून, कडा घासून केलं तर ते साधनच आहे. मात्र कापलेली खुर्ची वजनाखाली फाकू शकते, म्हणून तिचे पाय बांधून घट्ट करायला हवेत आणि कापलेली कड रबराने मढवायला हवी.

डोळे किंवा कान गेलेल्यांचं घर वेगळं मोजायचं. तिथे इंचांपेक्षा जागा महत्त्वाची. अंध व्यक्तीच्या घरात सामान हलवायचं नाही, अर्धवट उघडं दार ठेवायचं नाही. मिक्सरच्या बटणावर, गॅसच्या खुंटीवर फेविकॉलचा किंवा नखांच्या रंगाचा वाळलेला थेंब बोटाला खूण देतो. दिल्ली आयआयटीत बनलेली ‘स्मार्टकेन’ ही काठी २०१४ मध्ये आली. साध्या पांढऱ्या काठीला न लागणारे, गुडघ्याच्या वरचे अडथळे ती ध्वनिलहरींनी ओळखून मूठ थरथरवते. कर्णबधिर दांपत्याच्या घरात बेलबरोबर पेटणारा दिवा आणि उशीखाली थरथरणारं घड्याळ लागतं. या वस्तू महाग नाहीत. त्या असतात हेच पुष्कळ घरांना माहीत नसतं.

स्वतःच्या मापाचं जग स्वतः बांधलेल्यांची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखाली पक्षाघात झाला. त्यांनी नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन अनेक मराठी घरांत वाचलं गेलं आणि त्या नावानेच व्हीलचेअरला एक साधा मराठी शब्द मिळवून दिला. त्यांच्या कोल्हापुरातल्या ‘घरौंदा’ वसतिगृहातून मुलंमुली शिकून बाहेर पडली. सिंधुदुर्गातल्या ‘स्वप्ननगरी’त अपंग व्यक्ती काजूप्रक्रियेचं काम करतात. पुण्यात खडकीला मणक्याची इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून स्वतंत्र पुनर्वसन केंद्र आहे. सीमेवर जखमी झालेल्याची ही काळजी घ्यायलाच हवी. कोकणात आंब्याच्या झाडावरून पडून तशीच इजा झालेल्या मजुराला मात्र असं केंद्र नाही.

सरकारी मदत मुळीच नाही, असं म्हणणं चूक ठरेल. केंद्राची साधनांसाठीची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. अपंगत्व किमान ४० टक्के हवं. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, त्यापुढे ३० हजारांपर्यंत निम्म्या किमतीत. एकदा साधन घेतलं की तीन वर्षं पुन्हा तेच मिळत नाही; बारा वर्षांखालच्या मुलांना वर्षाने मिळतं, कारण मूल वाढतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आईबापांनी ही सवलत लक्षात ठेवावी. मुलाची खास खुर्ची लहान झाली तरी तीच ओढत राहिली तर कणा वाकतो. ही साधनं प्रामुख्याने कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कारखान्यातून येतात. ज्येष्ठांसाठी केंद्राची ‘राष्ट्रीय वयोश्री’ २०१७ पासून आहे, आणि राज्याच्या ‘मुख्यमंत्री वयोश्री’तून २०२४ पासून ६५ वर्षांवरील अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना साधनांसाठी एकदा ३,००० रुपये थेट खात्यात मिळू लागले. तीन हजारांत वॉकर आणि कमोड-खुर्ची येते. चाकाची खुर्ची येत नाही.

या वाटेवरचा पहिला अडथळा प्रमाणपत्राचा. ऑनलाइन अर्ज करून यूडीआयडी हे अपंगत्वाचं ओळखपत्र मिळतं. पण तपासणीसाठी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात ठरल्या दिवशी हजर राहावं लागतं. ज्याला खुर्ची नाही म्हणून प्रमाणपत्र हवं, त्याने तिथवर पोचायचं ते खुर्चीशिवाय. भाड्याची रिक्षा किंवा जीप, उचलायला दोन माणसं, त्यांची बुडालेली मजुरी. काही तालुक्यांत शिबिर गावाजवळ येतं तेव्हा हा त्रास वाचतो. शिबिरं यासाठी हवीतच.

साधनवाटपाचं शिबिर मात्र वेगळी गोष्ट. आधी तपासणी, मग काही महिन्यांनी वाटप. मांडव, पाहुणे, भाषणं, रांगेत नव्या कोऱ्या खुर्च्या, एकेकाच्या नावाचा पुकारा, छायाचित्र. मोजमाप होतं ते माणसाचं, तेही घाईत. तीनचाकी सायकल ज्या घरी जाते तिथे ती ठेवायला आडोसा आहे का, ज्या रस्त्यावरून ती चालवायची तो चढाचा आहे का, टायर पंक्चर झालं तर त्या मापाची ट्यूब जवळच्या गावात मिळते का, हे कुणी विचारत नाही. म्हणून वर्षभरात काही खुर्च्या गोठ्यात उभ्या राहतात, काहींवर वैरण रचली जाते. दोष घेणाऱ्याचा नसतो.

स्थानिक पातळीवर एक वाट आहे, ती लोक पुरेशी वापरत नाहीत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. बऱ्याच ठिकाणी हे पैसे सरसकट वाटले जातात किंवा पडून राहतात. या निधीतून गावातल्या दहा घरांचे उंबरे, मोऱ्या आणि संडास बदलता आले पाहिजेत, आणि मोजायला जिल्ह्यातून एक व्यवसायोपचारतज्ज्ञ दोन दिवस बोलावता आला पाहिजे. ग्रामसभेत ही मागणी मांडता येते. २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. गृहभेट हे त्याने आपलं काम मानावं. पगारदार कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट: जुन्या करपद्धतीत अपंगत्वासाठी उत्पन्नातून ७५ हजारांची, आणि ८० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. तो वाचलेला कर न्हाणीघराला लावावा.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०२१ मध्ये केंद्राने सुगम्य बांधकामाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. दार ९०० मिलिमीटर, उतार एकास बारा, सगळं त्यात आहे. अडचण अशी, की त्यांचं पालन ऐच्छिकासारखं होत राहिलं. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत असं ठरवून, बंधनकारक किमान नियम तीन महिन्यांत करण्याचा आदेश केंद्राला दिला. हे प्रामुख्याने सार्वजनिक जागांबद्दल. सोसायटीच्या जिन्याशी दोन फुटांचा उतार करायला सर्वसाधारण सभेत हात वर होत नाहीत, त्याचं काय? राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, तिथे तक्रार करता येते. पण शेजारधर्म तक्रारीआधी जागा व्हावा. त्या उतारावरून सिलिंडर जाणार आहे, बाळाची गाडी जाणार आहे, आणि सभेत विरोध करणाऱ्याचा वॉकरही.

शेवटी एका खास मराठी व्यवस्थेबद्दल लिहायला हवं. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत रुग्णोपयोगी साहित्याची केंद्रं आहेत. कुठे सेवाभावी संस्थेची, कुठे ज्येष्ठ नागरिक संघाची, कुठे रोटरीची, कुठे गणेश मंडळाची. देवळामागची एक खोली, भिंतीला टेकवलेले वॉकर, कोपऱ्यात कुबड्या, वर-खाली होणारा लोखंडी पलंग, एअर बेडचे पंप, एक जाड वही. अनामत भरायची, महिन्याला नाममात्र भाडं द्यायचं, काम झालं की वस्तू परत करून अनामत घ्यायची. सरकारी अर्जाला महिने लागतात तिथे हे केंद्र संध्याकाळच्या दोन तासांत पलंग देतं. ते चालवणारी बहुतेक माणसं निवृत्त असतात आणि पैसे घेत नाहीत. या खोल्यांनी किती घरं सावरली याची मोजदाद कुठेच नाही.

याच केंद्रांत मोजमापाची रीत सगळ्यात सहज सुरू होऊ शकते. वस्तू देताना वहीत चार रकाने वाढवायचे: माणसाची बसण्याची रुंदी, न्हाणीच्या दाराची मोकळी रुंदी, पलंगाची उंची, उंबऱ्याची उंची. मापं घेऊन या, मग खुर्ची निवडू, एवढंच सांगायचं. फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचाराच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ या केंद्रांत बसवता येईल. त्यांनाही पुस्तकात न सापडणारं घर पाहायला मिळेल.

दिवाळीची साफसफाई करताना अनेक घरांत माळ्यावरून एक वॉकर निघतो. आजोबांचा, किंवा आईचा. एखादी कमोड-खुर्ची, हवा गेलेला एअर बेड, एक कुबडी. टाकवत नाही म्हणून ते फडक्याने पुसून परत वर ठेवलं जातं. या वर्षी ते वर ठेवू नका. वॉकरच्या पायांचे झिजलेले रबरी बूट बदला, खुर्चीचे ब्रेक लागतात का पाहा, एअर बेड फुगवून रात्रभर हवा टिकते का बघा, आणि जवळच्या साहित्य केंद्रात नेऊन द्या. तिथल्या माणसाला एवढंच सांगा, की ज्याच्या घरी हे जाईल त्याच्या न्हाणीचं दार आधी मोजायला सांगा.